वशिंडाचं बिस्कीट

नांदेडच्या एका बेकरीत तारामतीनं एकोणीस वर्षं काढली. त्या एकोणीस वर्षांत तिनं पिठाला एकदाही हात लावला नाही. भट्टी गड्यांची, पुडे बांधणं बायकांचं, असा तिथला नेम होता. पीठ मळणाऱ्याला आणि भट्टी सांभाळणाऱ्याला सगळे कारीगर म्हणत. ही पुडेवाली. टोस्ट मोजायचे, पिशवीत भरायचे, मेणबत्तीच्या आचेवर पिशवीचं तोंड चिकटवायचं, पुढची पिशवी घ्यायची.

पण डोळ्यांना कुणी कुलूप लावत नाही. ट्रे बाहेर आला की आच कुठं जास्त लागली, ते तिला रंगावरून कळायचं. एकदा तिनं तसं बोलून दाखवलं. मोठा कारीगर हसला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही पुडे बांधा."

नवरा वैजनाथ नांदेडात ऑटो चालवायचा. अंग थकलं तेव्हा दोघं तारामतीच्या माहेरी, शिरूर अनंतपाळला येऊन राहिले. सामानात तिनं पत्र्याच्या साच्यांचा एक डबा आणला होता. हत्ती, ससा, बदक, मासा आणि गाय. घरात भट्टी नव्हती. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दोन बोटं वाळू घातली, वर जाळी ठेवली, झाकणावर वजन ठेवलं. एका खेपेला चारच बिस्किटं बसत. चार तर चार. गल्लीतली लेकरं हत्तीची सोंड आधी खायची, मग कान. तारामती दारात उभी राहून बघायची.

पोळा अकरा दिवसांवर आला तेव्हा तिनं गाईच्या साच्यानं बिस्कीट पाडलं आणि बैल म्हणून शेजारी किशनरावांकडे नेलं. किशनराव बैलांचे पारखी. देवणीच्या बाजारात जोडी घ्यायला जाणारा माणूस आधी त्यांना गाडीत बसवायचा. आता त्यांचे गुडघे गेले होते. रान पोरगा ट्रॅक्टरनं करायचा. घरची जोडी गेल्या साली दुसऱ्याच्या दावणीला गेली होती.

किशनरावांनी बिस्कीट उलटसुलट करून पाहिलं.

"तारा, हे काय हाय?"

"बैल हाय, दादा."

"वशिंड कुठं हाय याचं? पाठ बग, पाटासारखी सपाट. ही तर जर्सी हाय. जा, चरवी आण, दूध काढू."

तिथंच कप घेऊन बसलेला वैजनाथ हसता हसता चहा नाकात जाऊन ठसकला.

"पोळ्याला जर्सी मिरवती व्हय ग?" किशनराव म्हणाले. "पुडे बांधून बांधून बैल इसरलीस."

हसणं तिनं सोसलं असतं. पुड्यांचं बोलणं मात्र लागलं.

"पोळ्याला बैल आणून दाखविते," ती म्हणाली. "तुमच्याच तोंडून बैल म्हणवून घेते."

"आन मी न्हाई म्हणलो तर?"

"तर साचे भंगारात घालीन. परत पिठाला हात लावणार न्हाई."

"कामून उगं पैजा लावून राहिलीस?" वैजनाथ घरी येऊन म्हणाला. ती वहीच्या कागदावर बैल काढत होती.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन ती उदगीरला गेली. तिथं नरसिंगचं पत्र्याचं दुकान होतं. त्यानं चित्र पाहून मान हलवली.

"मावशी, इतकी वळणं पट्टी घेत न्हाई. दोन पाय काढू. बाजूनं दोनच दिसतेत."

"दोन पायांवर औत ओढतो का बैल?"

"चार केले तर लई बारीक होतील."

"होऊ दे. मी बसते हितं."

ती तीन तास बसली. वशिंड त्यानं दोनदा ठोकलं, तिनं दोनदा मोडायला लावलं. तिसरं पास केलं.

साचा मिळाला म्हणजे बैल मिळाला असं नाही. पहिल्या खेपेला बिस्कीट फुगलं, वशिंड मानेवर उतरलं आणि पातेल्यातून डुक्कर निघालं. तिनं सोडा बंद केला. दुसऱ्या खेपेला वशिंड राहिलं, शिंगं जळाली. पातेल्याच्या कडेला आच जास्त असते. तिनं तोंडं मधे केली आणि शेपटीची बाजू कडेला. तिसऱ्या खेपेला चारही पाय एकमेकांना चिकटले, कारण हवा दमट होती आणि डालडा हातातच पातळ व्हायचा. मग पाडलेले बैल ताटासकट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवले. वैजनाथच्या पाण्याच्या बाटल्या बाहेर आल्या.

"माणसाला गरम पाणी, बैलाला थंड हवा," तो म्हणाला.

"त्याला काम करायचं हाय," ती म्हणाली.

चौथी खेप साधली होती. तिनं घाईनं गरम बिस्कीट उचललं आणि मागचा पाय जाळीवरच राहिला. गरम माल उचलायचा नाही, हे तिनं एकोणीस वर्षं बघितलं होतं. तरी उचललं. त्या दिवशी ती स्वतःवर इतकी चिडली, की जेवलीच नाही.

बघणं वेगळं आणि करणं वेगळं, हे तिला तेव्हा पटलं. पिठीसाखर ती दोनदा चाळू लागली. पोळी एकसारख्या जाडीची लाटू लागली. हात थांबवायला शिकली. नवव्या खेपेला चारही बैल सबंध निघाले. तरी ती समाधानी नव्हती. किशनरावांची जोडी दारात होती तेव्हा तिनं ती लहानसहान खुणांसकट पाहिलेली होती. अंगानं पांढरी, तोंडं काळी. त्यातल्या हरण्याचं डावं शिंग जरा खाली झुकलेलं. तिनं थोड्या पिठात कोको मळून बैलांच्या तोंडाला लावलं, आणि भाजायच्या आधी डावं शिंग बोटानं दाबलं.

पोळ्याच्या दिवशी किशनरावांच्या दारात पाटावर मातीची जोडी मांडलेली होती. बायका पुरणाचं ताट आणत होत्या. तारामतीनं बशी पाटाशेजारी ठेवली आणि मागं सरून उभी राहिली.

किशनरावांनी चष्मा लावला. बिस्कीट उचललं नाही. बशीच जवळ ओढली. बाजारात फिरवायचे तसा अंगठा वशिंडावरून हळूच फिरवला. पाय मोजले. मग शिंगाशी थांबले.

सोबत आलेल्या वैजनाथला धीर निघेना.

"बघता काय नुसतं, किशनराव? खाऊन सांगा की."

किशनराव उखडले. "डोकं ठिकाणावर हाय का तुपलं? पोळ्याला बैल खातेत व्हय?"

त्यांनी मातीची जोडी थोडी सरकवली, मधे जागा केली आणि बशी पाटावर ठेवली. हळदकुंकू वाहिलं. पुरणपोळीचा तुकडा मोडून बिस्किटाच्या तोंडापुढं ठेवला.

"हरण्या हाय ह्यो," ते एवढंच म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

नात सृष्टी बशीकडे हात नेत होती. त्यांनी तिचा हात धरला. "तुला हत्ती देईल ती. ह्याला हात लावायचा न्हाई."

ओवाळायला आलेल्या एका पाहुण्या बाईनं विचारलं, "कुठून आणला हो?"

"आणला न्हाई," किशनराव म्हणाले. "घडविला. आमच्या तारानं."

तारामती घरी आली. डब्यात तीन बैल उरले होते. ते तिनं देवापुढं ठेवले. मग एक हत्ती घेऊन उंबऱ्यावर बसली आणि सावकाश खाल्ला. खुसखुशीत होता, पण मीठ चिमूटभर कमी पडलं होतं. ती उठली आणि उरलेल्या पिठात मीठ घालून पुन्हा मळायला बसली.