अंगठ्याचं नख

नाशिकच्या सातपूरला लेथ आणि वेल्डिंगच्या गाळ्यांच्या ओळीत उज्वला गायधनीचा गाळा आहे. आजूबाजूला सगळे लोखंड कापतात, उज्वला लेबलं छापते आणि कापते. शेजारचा ज्ञानेश लेथवाला तिला चिडवतो, "ताई, तुमचं बरंय. ना तेल, ना ठिणगी."

"तुझं चुकलं की वेल्डिंग मारून जोडता येतं. माझं येत नाही," ती म्हणते.

आयटीआय करून ती छापखान्यात लागली, तेव्हापासून तिने उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं. लेबल मागच्या गुळगुळीत कागदापासून सोडवायला त्या नखासारखं हत्यार नाही. पुढे तिने स्वतःचा प्लॉटर घेतला. संगणकावर रेष काढायची, यंत्रातलं बारीक पातं त्या रेषेवरून फिरतं. नख मात्र तसंच राहिलं.

मखमलाबादची छाया तिच्याकडे गुलकंदाचं लेबल करायला आली. घरची गुलाबाची शेती, सासूच्या हातचा गुलकंद. नाशिकमधल्याच द्वारका चौकातल्या एका दुकानदाराने फळीवर जागा द्यायचं कबूल केलं होतं, पण सोमवारी सकाळी सगळ्या बरण्या लेबल लावून आल्या तरच. नाहीतर ती जागा दुसऱ्याला.

"लेबल गुलाबाच्याच आकाराचं पाहिजे, ताई."

उज्वलाने विचार केला. लोखंडी डाय, म्हणजे गुलाबाच्या आकाराचा कापायचा साचा, बनवली तर काम झपाट्याने होतं, पण उद्या बरणी बदलली की डाय भंगारात. म्हणजे प्लॉटरच. आता फुल कट की हाफ कट? फुल कटमध्ये मागचा कागदही कापला जातो, प्रत्येक गुलाब सुटा होतो. हाफ कटमध्ये फक्त वरचं लेबल कापलं जातं, मागचा ताव अखंड राहतो. फुल कटने कापलेले सुटे गुलाब हातात घेतल्यावर खरंच फुलांसारखे दिसत होते. छाया खूश झाली. उज्वलाने एक सोडवून बरणीवर लावून पाहिला आणि सगळे कापून दिले.

शनिवारी दुपारी छायाचा फोन. "ताई, लेबलं निघतच नाहीत."

उज्वलाने जवळ उरलेलं एक उचललं. चटकन निघालं. "अहो, निघतंय की!"

"तुमच्याकडं निघत असेल. इथं येऊन बघा."

ती स्कूटरवरून गेली. शेडमध्ये फुलं तोडून आलेल्या बायका बरण्यांपुढे बसलेल्या. काटे लागू नयेत म्हणून सगळ्यांच्या बोटांना कापडी चिकटपट्टी, नखं मुळापासून कापलेली. जमिनीवर फाटलेल्या पाकळ्यांचा सडा. लेबल आणि मागचा कागद एकाच रेषेत कापलेले, त्यांच्यात बोट घालायला जागाच नव्हती. उज्वलाने अंगठ्याचं नख सारलं, तसं लेबल चटकन सुटलं.

छायाची सासू नवसाबाई म्हणाली, "बाई, तुझा अंगठा इथं ठिवून जा. मंग काय अडचण नाय."

बायका हसल्या. उज्वलाने आपल्या नखाकडे पाहिलं. "मावशी, चूक माझी. उद्या नवीन आणते."

गाळ्यात परतून तिने पुन्हा छपाई घेतली, पाकळ्यांची टोकं गोल केली आणि हाफ कट लावला. पहिल्यांदा पातं खोल गेलं, तावाचे तुकडे झाले. मग दाब इतका कमी केला, की लेबलच सुटेना. थोडा वाढवल्यावर जमलं. लेबल काढून बघायला तिने सवयीने अंगठा पुढे केला, आणि थांबली.

"ज्ञानेश, नेलकटर आहे का रे?"

"पत्रा कापायची कात्री आहे. चालेल?"

तिने आपल्याच कात्रीने नख कापलं. बोटांना चिकटपट्टी गुंडाळली, ताव जरासा वाकवला. पाकळी आपोआप वर आली. मग तिने बाकीचे ताव यंत्राला लावले.

रविवारी शेडमध्ये पहिला ताव नवसाबाईच्या हातात दिला. तिने तो वाकवला, गुलाब उचलला, बरणीवर ठेवून तळव्याने दाबला. दुसरा. तिसरा. अंधार पडायच्या आत द्वारकेला जाणारी खोकी भरली.

नवसाबाईने उज्वलाचा हात धरून अंगठा निरखला. "कापलं व्हय? बरं केलं," ती म्हणाली. "आता ने तुझा अंगठा घरी."