दोरावर बसणं

वरच्या काकांना खुर्ची कधी मानवली नाही. जेवताना त्यांचा एक गुडघा हलत असायचा, आणि न्हाव्याकडे अर्धी हजामत झाली की ते "झालं का?" म्हणून उठू बघायचे. पायाला भिंगरीच होती म्हणा ना. झाडावर मात्र हाच माणूस तीन तीन तास एका बेचक्यात निवांत असे. झाडं छाटणं आणि वठलेली उतरवणं हा त्यांचा सव्वीस वर्षांचा धंदा. दाराशी कुणी चौकशीला आलं की काकू सांगायच्या, "वर आहेत," आणि गल्लीनं तेच नाव करून टाकलं. काकूंना ते अभद्र वाटायचं. "वर जायला अजून अवकाश आहे त्यांना," असं त्या लोकांना सुनवायच्या.

त्या रविवारी तर काका पहाटेपासून घरात येरझारा घालत होते. दोर दोनदा मोजला, करवतीला तिसऱ्यांदा तेल दिलं, चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून उभ्या उभ्या संपवला. दोन्ही हातांनी, कारण उजव्या हाताची तीन बोटं आठ महिन्यांपासून बधिर होती. इतकी वर्षं यंत्राची करवत हातात थरथरत राहिली, त्याची ही फेड. बटणं लागत नाहीत म्हणून त्यांनी सदरे घालणंच सोडलं होतं आणि "उकडतं" असं कारण दिलं होतं. काकूंना कळलं तर त्या चढायचा पट्टा कपाटात टाकून किल्ली कमरेला खोचतील, याची त्यांना खात्री होती. मग खाली राहून करायचं काय? बागेतल्या बाकावर बसून इतर म्हाताऱ्यांचे गुडघे ऐकायचे?

काम बालवाडीच्या अंगणातलं होतं. वाऱ्यानं एक जाड फांदी खोडापाशी चिरली होती आणि नेमकी वर्गाच्या पत्र्यावर झुकून राहिली होती. सोमवारी चाळीस मुलं येणार होती. बालवाडीच्या बाई वऱ्हांड्यात उभ्या राहून, "आज होईल ना हो?" असं दर पाच मिनिटांनी विचारत होत्या.

या कामात काकू खाली असत. लांब दोर वरच्या बेचक्यातून फिरून यायचा. त्याचं एक टोक काकांच्या पट्ट्याला, दुसरं काकूंच्या हातात. शिवाय काकांच्या कमरेला एक आखूड दोर, खोडाला वेढा घालायला. पट्ट्याला कड्या पुष्कळ. पोटापाशी एक जाड कडी, ती जिवाची. कुशीला बारीक कड्या, त्या हत्यारांच्या. करवत टांगावी, माणूस टांगू नये. चढण्याआधी काकू एकेका कडीला हात लावून बघायच्या, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा नेम.

"उरक गं, वारा वाढेल," काका म्हणाले आणि काकूंचा हात दुसऱ्या कडीवर असतानाच वळले.

"घोडं कुठे पेंड खातंय?"

"कुठे नाही."

ते चढले, पण चढण्यात नेहमीची लय नव्हती. चिरलेल्या फांदीकडे जायला लांब दोर सोडून पलीकडच्या बेचक्यातून घ्यावा लागणार होता. तेवढा वेळ माणूस आखूड दोरावर असतो. मग लांब दोर पुन्हा अडकवायचा, त्यावर सगळं वजन टाकून बसायचं, आणि दोर धरतोय हे पटलं की मगच आखूड दोर सोडायचा. कुठल्याही घाईत हा क्रम बदलत नाही. बदलणारे या धंद्यात म्हातारे होत नाहीत.

काकांनी दोर फिरवला. हातमोज्यातल्या बोटांनी चाचपून हूक कडीत घातला. हूक खटकन मिटला. तो आवाज इतक्या वर्षांच्या ओळखीचा, तेव्हा खाली बघायची गरज त्यांना वाटली नाही.

"बसा!" काकूंनी खालून हाक दिली.

"बसलो!" काका म्हणाले आणि आखूड दोराकडे हात नेला.

"नाही बसलात. दोर सैल आहे."

"तुला खालून काय कळतंय?"

"मला खालूनच कळतं. तुमचं वजन माझ्या हातात असतं. बसा म्हटलं ना!"

उंटावरून शेळ्या हाकायची सवय काकांना होती. खालून कुणी हाकलेलं त्यांना चालत नसे. रागाच्या भरात त्यांनी पाय सोडले आणि धपकन बसले. कुशीची बारीक कडी कापड फाटल्यासारखी तटकन तुटली. हातकरवत फांद्यांवर खणखणत मुलांच्या वाळूच्या हौदात पडली. काका हातभर खाली गेले, खांदा खोडावर आदळला, आणि आखूड दोरानं त्यांना धरलं. तो अजून सोडलेला नव्हता. आणखी क्षणभरानं सुटला असता.

बाई किंचाळल्या. काकू ओरडल्या नाहीत. त्यांचा आवाज एकदम हळू झाला.

"आता हातमोजा काढा. हूक जाड कडीत घाला. हातानं नाही, डोळ्यांनी बघून."

हूक लागायला फार वेळ लागला. काका खाली उतरले. काकूंनी त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि मधल्या बोटाच्या टोकाला नखानं कचकचून चिमटा काढला. काका झाडाकडे बघत होते. त्यांना पत्ताच नव्हता.

"कधीपासून?"

"कधीपासून काय?" म्हणत त्यांनी खाली पाहिलं. बोटावर नखाची लालभडक खूण होती. "चार महिने," ते म्हणाले. मग म्हणाले, "आठ."

"आठ महिने मी दोर धरतेय, आणि मला सांगितलं नाहीत." काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच त्यांना अधिक राग आला. "मेला असतात, तर मी आयुष्यभर समजले असते की माझ्या हातून दोर सुटला."

काकांना हे कधी सुचलंच नव्हतं. आठ महिने ते फक्त स्वतःपुरतेच घाबरत होते. त्यांना लाज वाटली, इतकी की मान वर होईना.

"उद्या सुट्टी देऊ का मुलांना?" बाईंनी चाचरत विचारलं.

"नको," काकू म्हणाल्या आणि थैलीतला जादा पट्टा काढून कमरेला आवळू लागल्या.

"अगं, तू?"

"मीच."

तसं बघितलं तर हा धंदा दोघांनी मिळून सुरू केला होता आणि पहिली दोन वर्षं काकू काकांपेक्षा चांगल्या चढायच्या. मुलगी झाल्यावर दोघांनी ठरवलं की एकानं तरी खाली राहायचं. कुणी, ते मात्र कधी ठरलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काका पट्टा बांधून मोकळे झाले होते. पुढे काकू कुंपणाकाठची लहानसहान झाडं करायच्या, पण मोठ्या झाडाचा विषय पुन्हा निघाला नाही.

काकांनी आता काकूंच्या पट्ट्याला हात घातला. वाकून एकेक कडी डोळ्यांपाशी नेऊन पाहिली. मांडीचा पट्टा पिळलेला होता, तो सरळ केला. काकूंचा दोर धरायला बोटांचा भरवसा नसला तरी दोन तळवे, कंबर आणि वजन होतं. फांदीचे तुकडे उतरवायचा वेगळा दोर खोडाला तीन वेढे देऊन त्याचं टोक बाईंच्या हाती दिलं. "घाबरू नका," ते म्हणाले, "वेढेच धरतात, आपण नुसतं सोडायचं."

काकू सावकाश चढल्या. प्रत्येक थांब्यावर दोरावर बसत होत्या आणि ते वजन काकांच्या तळव्यांत उतरत होतं. काकांना उभं राहवेना आणि हलताही येईना. मान भरून आली, घाम डोळ्यांत गेला, तो पुसायला हात मोकळा नव्हता. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, हे त्यांना आज या वयात समजत होतं.

फांदीचे तुकडे एकेक करून अंगणात उतरले. चारच्या सुमाराला पत्रा मोकळा झाला. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"या आता खाली!" काका ओरडले. घाईत ते बायकोला अहोजाहो करून बसले, आणि बाईंना हसू आवरेना.

काकू हलल्या नाहीत. बेचक्यात पाठ टेकून त्या छपरांच्या पलीकडे कुठेतरी बघत होत्या.

"अगं, उतर ना! काय झालं?"

"काही झालं नाही," वरून आवाज आला. "सव्वीस वर्षं तुम्ही बघितलंत. मला पाच मिनिटं बघू द्या."