आधी जोतं, मग घर

आमच्याकडे मुलीचा बाप स्थळ बघायला आला की घर बघत नाही, जोतं बघतो. घर पुरात जातं, पुन्हा उभं राहतं. गाव पूर अडवणाऱ्या बांधाच्या आत, नदीच्या बाजूला. पीत नदी दरवर्षी गाळ टाकून आपलं पात्र वर चढवते, आणि आम्ही मातीची जोती वर चढवतो. म्हातारे सांगतात, पूर्वी ही खूप दक्षिणेला जाऊन समुद्राला मिळायची. एका वर्षी ठरलेलं लग्न मोडून पळावं तशी उत्तरेला आली नि आमच्या गळ्यात पडली.

देशुनकाका मिआओ आमचे शेजारी. गावात सगळ्यांत उंच जोतं त्यांचं, आणि त्यावर घर नाही. राहायचे ते बाजूच्या बुटक्या जोत्यावर, कुडाच्या खोपटात. युनछाईकाकू हसत सांगायच्या, "माझ्या बाबांनी जोतं मोजलं. वर छप्पर आहे का, ते बघायचं राहिलंच!"

काकूंना विटांचं घर हवं होतं, दक्षिणेला खिडकी असलेलं. काका म्हणायचे, "बांधू की. अजून एक हात चढू दे." सुगी संपली की काका हातगाडीनं माती ओढायचे, गल्लीतली माणसं दोर धरून दगडी धुम्मस उचलून आपटायची, काकू सगळ्यांना गरम शेवया वाढायच्या. मग पावसाळ्यात पाणी आलं की ताजी माती खाली बसायची, आणि काका पुन्हा एक हात मागे.

"शेजारच्यांनी दोन खोल्या काढल्या," काकू म्हणायच्या.

"त्यांचं जोतं आपल्या गुडघ्याला लागतं."

"पण आत चूल आहे."

"पूर आला की कळेल."

"पूर आला की ते आपल्याच जोत्यावर चढतील. रिकामंच आहे."

तसंच झालं. मोठ्या पुरात अख्खी गल्ली डुकरांसकट काकांच्या जोत्यावर चढली. काकांची मान वर्षभर ताठ. काकू म्हणाल्या, "डुकरांचा गृहप्रवेश झाला. आता माझा कधी?"

शेवटी विटा आल्या. खिडकी जिथे येणार तिथे काकूंनी चार विटा रचल्या आणि त्यावर बसून भोपळ्याच्या बिया फोडत नदी बघायला लागल्या. तेवढ्यात काकांना जोत्याच्या कडेला एक भेग दिसली. बोटही जाणार नाही एवढी.

"एक हिवाळा थांबू. माती बसू दे."

त्या हिवाळ्यात खोपटातल्या ओलीनं काकूंचा खोकला छातीत उतरला. वसंताच्या सणाला त्या नव्हत्या. विटा काकांनी कुणाकुणाला देऊन टाकल्या.

पुढे सरकारनं गाव बांधाबाहेरच्या इमारतींत हलवलं. जोती मोडून शेतं करायची ठरली. यंत्र आलं. आमची जोती दुपारपर्यंत भुईसपाट झाली. काकांच्या जोत्यात मात्र यंत्राचे दात रुतेनात. चालक घाम पुसत खाली उतरला.

"आजोबा, आत सिमेंट ओतलंय काय?"

सगळे हसले. मीही तोंड घातलं, "काका, नदी हरली की हो तुमच्यापुढे!"

काका हसले नाहीत. ती भेग होती त्या जागी ते गेले, टाचेनं माती दाबून बघितली.

"दोन खोल्यांपुरतं कधीच झालं होतं रे," म्हणाले. "ती सांगत होती."

आता ते चौथ्या मजल्यावर राहतात. खिडकी दक्षिणेलाच आहे, बांधापलीकडची नदीही दिसते. मी भाजी द्यायला जातो तेव्हा काका खिडकीकडे पाठ करून जेवत असतात.