अण्णांनी न पाहिलेली मैदानं

अण्णा गेल्याची बातमी आली तेव्हा मी हॉलंडमधल्या हूफडॉर्पच्या घरात, वरच्या खोलीत, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलत होतो. माझी बायको अनघा दारात येऊन उभी राहिली. मी स्क्रीनवरून नजर न काढता बोट वर केलं... एक मिनिट. ती थांबली. माझं ते एक मिनिट बरंच लांबलं, कारण मला माझं म्हणणं पूर्ण करायचं होतं. ते काय होतं, हे आज मला आठवतही नाही. मग ती म्हणाली, "अण्णा गेले. श्रीकांतचा फोन होता." दुसऱ्या लाटेचे दिवस होते. सोलापूरच्या रुग्णालयात पाच दिवस ऑक्सिजनवर काढून माझे सासरे गेले होते. जायला विमान नव्हतं. श्रीकांतने, म्हणजे अनघाच्या भावाने, फोनवर स्मशानाचं फाटक दाखवलं. आत एकालाच सोडत होते, आणि आत जाताना त्याला फोन बंद करावा लागला. अनघाने वडिलांचं शेवटचं दर्शन म्हणून ते फाटक पाहिलं.

संध्याकाळपर्यंत इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर श्रद्धांजल्यांचा रतीब सुरू झाला. 'क्रीडाविश्वाचा ज्ञानकोश हरपला.' 'काकांचं ते अविस्मरणीय व्याख्यान!' लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांना बेसबॉल आणि रग्बी यांतला फरक सांगता आला नसता. एकाने फुलांच्या हाराच्या चित्रासोबत चुकून बास्केटबॉलचं चित्र टाकलं. त्या व्याख्यानात काय झालं होतं हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही हात जोडलेले, डोळे मिटलेले ते पिवळे चेहरे एकामागून एक येत राहिले. मी प्रत्येकाला 'आभार' असं लिहिलं. लबाडी करायचीच, तर मीही त्यांच्यापेक्षा मागे नव्हतो.

आधीच सांगतो, अण्णांना माझ्याबद्दल आदर नव्हता आणि मला त्यांच्याबद्दल. सोलापुरातल्या एका दैनिकाच्या क्रीडा विभागात ते तीस-बत्तीस वर्षं उपसंपादक होते. क्रिकेट वरिष्ठांकडे, कुस्ती आणि कबड्डी दुसऱ्या एका जोरदार गृहस्थांकडे. उरलं काय, तर वृत्तसंस्थेच्या टेलिप्रिंटरवर येणारा आणि थेट टोपलीत जाणारा अमेरिकन खेळांचा मजकूर. अण्णांनी ती टोपलीच उचलली. दर आठवड्याला अर्धा कॉलम... बेसबॉल, बर्फावरची हॉकी, खांद्यांवर उशा बांधून खेळतात ते अमेरिकन फुटबॉल. ज्या गावात यांपैकी एकही खेळ कोणी खेळत नव्हतं, त्या गावात हा माणूस शिकागोच्या मैदानाच्या भिंतीवर वेल कसा चढवलाय ते सांगत होता. लग्नाआधी अनघाने मला ती कात्रणांची वही कौतुकाने दाखवली होती. मी 'इंटरेस्टिंग' असं म्हणालो होतो. आमच्या क्षेत्रात हा शब्द निरुपयोगी गोष्टींसाठी राखीव असतो.

जाण्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारीत, ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आणि मार्चमध्ये जग बंद झालं. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली होती. सोलापुरात घरी एकटेच असायचे, म्हणून अनघाने हट्टाने बोलावलं होतं. आता ते अडकले, आणि त्यांच्यासोबत मीही. अण्णांना काहीही पसंत पडत नसे. आमची नवी वसाहत पाहून म्हणाले, "हे गाव आहे की सॅम्पल फ्लॅट?" सायकलींचे लाल रस्ते पाहून म्हणाले, "सायकलीला वेगळी वाट, पायी जाणाऱ्याला वेगळी. मग भांडायचं कुठं?" मी प्रोग्रॅम मॅनेजर आहे म्हणजे नेमकं काय करतो, हे त्यांनी एकदा जेवताना विचारलं. मी पाच मिनिटं समजावलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "म्हणजे काम दुसरे करतात, आणि झालं का, असं तुम्ही विचारता." अनघा हसली. मी हसलो नाही.

अमेरिकेबद्दलही त्यांना प्रेम नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. आयुष्यभर त्यांनी त्या देशाच्या खेळांवर लिहिलं ते जवळजवळ रागानेच. ह्यूस्टनला मैदानावर छप्पर घातलं त्याची गोष्ट ते चवीने सांगत. काचेसारख्या छपरातून ऊन डोळ्यांवर येऊन झेल दिसेनात, म्हणून छपराला रंग फासला. रंगामुळे ऊन बंद झालं आणि गवत मेलं. मग प्लॅस्टिकचं गवत अंथरलं. "आणि याला जगातलं आठवं आश्चर्य म्हणाले! एक मूर्खपणा झाकायला दुसरा, दुसरा झाकायला तिसरा." बाल्टिमोरचा फुटबॉल संघ मालकाने रातोरात ट्रकमध्ये भरून दुसऱ्या शहरात नेला, तेही ते असे सांगत की जणू मालक त्यांच्याच वाड्यातून पातेली घेऊन पळाला होता. गाव सोडून जाणाऱ्या संघांवर त्यांचा विशेष दात होता. मी एकदा म्हणालो, "अण्णा, धंदा आहे तो. जिथे सोय तिथे जाणार." ते माझ्याकडे, मग खिडकीबाहेरच्या एकसारख्या घरांकडे बघत म्हणाले, "हो. तुम्हाला ते समजणारच."

उन्हाळ्याच्या सुरुवातीला निर्बंध थोडे सैल झाले. बेसबॉल हॉलंडमध्येही खेळतात, होंकबाल म्हणतात त्याला. आमच्या घरापासून वीस मिनिटांच्या वाटेवर एका क्लबचं मैदान आहे. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांचा सराव सुरू झाला होता, पण बघ्यांनी कुंपणाबाहेर थांबायचं होतं. अनघाच्या सांगण्यावरून मी अण्णांना तिथे घेऊन गेलो. जाळीला बोटं अडकवून ते उभे राहिले. पहिला चेंडू बॅटवर बसला तसे ते दचकले. चांगले खांदे उडवून दचकले. मग हळूच म्हणाले, "असा आवाज येतो होय..." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "हे इतका वेळ नुसते उभे असतात?"

मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही. तीस वर्षं ज्या खेळावर लिहून या माणसाने जगाला तुच्छ लेखलं होतं, तो खेळ त्याने आज, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, माझ्यासमोर पहिल्यांदा पाहिला होता! दोन तास ते जाळीपाशी उभे होते, आणि मी बाकावर बसून दोन मित्रांना हा किस्सा लिहून पाठवत होतो. 'सासरेबुवांनी आज पहिल्यांदा बेसबॉल पाहिला. ज्ञानकोश!' तो शब्द नंतर श्रद्धांजलीत आला, तो मुळात माझा.

जुलैअखेर अमेरिकेत सामने सुरू झाले. तिथली दुपार म्हणजे आमची संध्याकाळ. अण्णा जेवून टीव्हीपुढे बसत. प्रेक्षागारं रिकामी होती आणि खुर्च्यांवर माणसांचे पुठ्ठ्याचे पुतळे बसवले होते. लोक स्वतःचा फोटो पाठवून पुठ्ठा होऊन बसत. टाळ्या आणि आरोळ्या ध्वनिमुद्रित. अण्णांनी पहिल्या दिवशी ते नीट निरखलं आणि म्हणाले, "आता खरा रंग दिसला. प्रेक्षक नसला तरी चालतं, फक्त बसलेला दिसायला हवा." मग मान न वळवता पुढे म्हणाले, "तुमच्या मीटिंगा अशाच असतात ना?"

ऑगस्टमध्ये मंडळाने घरबसल्या ऑनलाइन व्याख्यानं ठेवली होती. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं आणि एक वक्ता आठ दिवस आधी गळला, म्हणून मी अण्णांचं नाव घातलं. 'अमेरिकेतली गाजलेली मैदानं आणि सामने.' त्यांना बरं वाटेल म्हणून, असं मी अनघाला सांगितलं. अण्णांनी आठवडाभर तयारी केली. इस्त्रीचा सदरा घालून, केस चापून, ते त्यांच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसले; चित्रं बदलायला शेजारी अनघा. मी भिंतीपलीकडे माझ्या खोलीत, माझ्या लॅपटॉपवर.

चांगलं बोलले. हे मान्य करायला मला आजही जड जातं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या जुन्या बेसबॉल मैदानाबद्दल ते बोलत होते आणि पडद्यावर त्याचंच चित्र होतं. संघ कॅलिफोर्नियाला निघून गेला आणि मैदान पाडायला जो लोखंडी गोळा आणला, त्याला बेसबॉलच्या चेंडूसारखा रंग दिला होता... पांढरा, वर लाल टाके. "पाडणाऱ्यांनाही वाटलं की विनोद करावा," अण्णा म्हणाले. "पुढे तिथं राहायच्या इमारती झाल्या. आणि त्या आवारात पाटी लागली, इथे चेंडू खेळू नये." एवढ्यात डेल्फ्टला पीएचडी करणाऱ्या एका मुलाने, अगदी सरळ मनाने, विचारलं, "काका, यांतलं तुम्ही प्रत्यक्ष काय काय पाहिलंय?"

अण्णा म्हणाले, "काहीही नाही."

आणि कोणीतरी हसलं. नाकातून सुटलेलं, छोटं, स्वच्छ ऐकू येणारं हसू. चाळीस घरांत ते एकाच वेळी वाजलं. माझ्या नावाची चौकट उजळलेली दिसली तेव्हा मला समजलं की प्रास्ताविकानंतर मी माइक बंद केलाच नव्हता.

दहा-पंधरा सेकंद काहीच ऐकू आलं नाही. पडद्यावर ते मैदान तसंच होतं. मग अण्णांचा आवाज आला, नेहमीचाच, खडखडीत. "पुढचं चित्र बर्फावरच्या हॉकीचं. ऑलिंपिक होतं. अमेरिकेच्या कॉलेजच्या पोरांनी रशियाच्या कसलेल्या संघाला हरवलं. अमेरिकेत त्यावर अजून पुस्तकं निघतात, सिनेमे निघतात. पण सामना चालू असताना तो अमेरिकेच्या टीव्हीवर नव्हता. काही तासांनी दाखवला. आमच्याकडे पहाट होती. मी एकटा ड्यूटीवर होतो, टेलिप्रिंटर खडखडला आणि चार ओळी आल्या. मला सोलापुरात निकाल कळला तेव्हा निम्मी अमेरिका तो सामना बघायला बसायची होती. आता सांगा, पाहिला कोणी?" मग त्या मुलाने टाळ्या वाजवल्या, आणि नंतर इतरांनी.

व्याख्यान संपल्यावर ते बाहेर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चहा टाका कोणीतरी." बस्स. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच त्यांनी आपणहून त्या हसण्याचा उल्लेख केला नाही. मला वाटलं, याला म्हणतात तुच्छता. आपल्यावर रागवावं इतकीही आपली किंमत नाही. अनघाही काही बोलली नाही. तिने ऐकलं नसावं, अशी मी सोयीस्कर समजूत करून घेतली. मीही गप्प राहिलो, आणि त्या गप्प बसण्याला सभ्यपणा असं नाव दिलं.

सप्टेंबरमध्ये खास विमानात त्यांना जागा मिळाली. स्खिपोल विमानतळावर सोडायला मी एकटाच गेलो, कारण आत एकालाच जाता येत होतं. रांगेत दोन खुणांमधलं अंतर राखून उभे असताना मी म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी मी हसलो... चुकलं माझं." मास्कच्या वर त्यांचे डोळे बारीक झाले. "चाळीस माणसं ऐकत होती, त्यातलं एक हसलं. सोलापुरात यापेक्षा जास्त हसायचे," ते म्हणाले. "बॅग नीट धरा. चाक मोडकं आहे तिचं." तेच त्यांचं माझ्याशी शेवटचं सविस्तर बोलणं. पुढे फोनवर 'बरंय ना', 'बरंय', एवढंच.

गेल्या महिन्यात त्यांच्या जुन्या दैनिकाच्या पुरवणीने जावई म्हणून माझ्याकडे लेख मागितला. मी लिहिला. व्यासंगी, निगर्वी, प्रेमळ... मंडळाच्या ग्रुपवर शोभला असता असा. अण्णांच्या खोलीत अनघा त्यांचे इथे राहिलेले स्वेटर घडी करत बसली होती. तिला वाचायला दिला. तिने शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "हे कोण गृहस्थ?"

मी लेख परत घ्यायला हात पुढे केला.

"अण्णा निगर्वी होते? आणि तू हसलास ते कुठं आहे यात?"

"तुला माहीत होतं?"

"एक भिंत आहे मधे, मंदार. तुझं हसू मला दोन्हीकडून ऐकू आलं."

"मग इतके महिने बोलली का नाहीस?"

तिने हातातला स्वेटर मांडीवर ठेवला. "मी उठलेच होते. तुझ्या खोलीत येणार होते, सगळ्यांसमोर. त्यांनी एका हातानं माइक झाकला आणि दुसऱ्यानं माझं मनगट धरलं. म्हणाले, बस. नेटवर्कचा आवाज होता तो. मी म्हटलं, अण्णा, तो हसला... तर म्हणाले, मला कळतं कोण हसलं ते. पण तुला या घरात राहायचंय. नेटवर्कचा आवाज होता, आणि हे तू मला आत्ता कबूल करायचंस. पुढचं चित्र लाव."