उपास ग्रेडचं तेल

तळलेल्या तेलाच्या धंद्यात माणसाला दोन गोष्टी चिकटतात, वास आणि किस्से. वासाचा बंदोबस्त बायको करते, दारातच साबण हातात देते. किस्स्यांचा बंदोबस्त कोणी करत नाही. लग्नात, तेरवीत, पानठेल्यावर जो भेटेल तो विचारतो, "काय बोरकर, इमान कुठपर्यंत आलं?" आणि मी सुरू होतो. त्यातले थोडे इथे सांगतो. ज्यांनी आधी ऐकलेत त्यांनी मधे बोलू नये, मला राग येतो.

आधी धंदा काय ते ऐका. हॉटेलं, नाश्त्याच्या गाड्या, मेस, जत्रेतली दुकानं, इथलं तळून उरलेलं तेल आम्ही गोळा करतो. ते रिफायनरीत जातं आणि त्याचं विमानाचं, म्हणजे इथल्या भाषेत इमानाचं, इंधन होतं. नेहमीच्या इंधनात ते मिसळलं की विमानाचं प्रदूषण कमी होतं. कंपनी बाहेरची, चंद्रपूरचं सेंटर माझ्याकडे. सेंटर म्हणजे एक गोडाऊन, एक टेम्पो, मी आणि गजूभाऊ.

गजूभाऊ टेम्पो चालवतो. त्याआधी तो कैक वर्षं ट्रकवर होता, हैदराबाद, विजयवाडा, चेन्नई. "माही पोरगी मले पाहुणा समजे," असं तो सांगतो. "घरी गेलो का मायले म्हणे, काका आले." इथे लागल्यापासून तो रोज संध्याकाळी घरी जेवतो आणि पोरगी त्याला बाबा म्हणते. पण हेड ऑफिसचं पहिल्या दिवसापासून एकच पालुपद. चंद्रपूरला तेल कमी, सेंटर बंद करून नागपूरला जोडू. तसं झालं तर मी कुठेतरी चिकटलो असतो, गजूभाऊला मात्र परत ट्रकच होता. आम्ही दोघंही ही गोष्ट बोलत नसू, पण टेम्पो रिकामा आला की त्याचा चेहरा बघवत नसे.

* * *

ह्या इंधनाला इंग्रजीत 'सॅफ' म्हणतात. आमच्या पेंटरला मी फोनवर सांगितलं, टेम्पोवर मोठ्या अक्षरात सॅफ लिही. त्याने लिहिलं 'साफ'. वर स्वतःच्या अकलेने एक झाडू काढला.

तो टेम्पो घेऊन आम्ही वरोऱ्याला एका हॉटेलसमोर उभे राहिलो. आतली पोरं पटापट टेबलं पुसायला लागली. मालक हात जोडत बाहेर आला. मी म्हटलं, आम्ही तपासणीवाले नाही, वापरलेलं तेल पाहिजे.

"वापरलेलं तेल? माह्या हॉटेलात?" त्याला भयंकर अपमान वाटला. "आमच्या इथी रोज नवीन तेल असते सायेब."

मागे कढईत डांबरासारखं काहीतरी उकळत होतं. गजूभाऊने बोट दाखवलं, "मंग हे काय होय?"

"हे तं चालू हाये अजून."

आम्ही खेटे घालत राहिलो. शेवटी एक दिवस त्याचाच फोन आला, तेल घेऊन जा. गेलो तर डबा काठोकाठ भरलेला, पिवळंधमक, पारदर्शक तेल. मी आयुष्यात असं वापरलेलं तेल पाहिलं नव्हतं. मी विचारलं, हे कशात तळलं?

"तळलं कुठी? दुकानातून आणलं. तुमच्या गाडीवर लिवलं हाये ना, साफ पायजे म्हणून. काळं हाये ते मी ठेवलं माह्यासाठी."

* * *

माझी बायको सुनंदा ऊर्जानगरला, थर्मल पॉवर स्टेशनात. आम्ही तिच्याच क्वार्टरमध्ये राहतो. म्हणजे ती कोळसा जाळून पगार घेते आणि मी धूर कमी करून. दोन्ही पगार एकाच घरात येतात, त्यामुळे आमच्याकडे पर्यावरणाची चर्चा भांडी घासताना होते.

एकदा मी जरा ताठ्यात सांगितलं, "आज कॅनच्या कॅन तेल आणलं. तेवढाच विमानांचा धूर कमी."

तिने खिडकीतून बाहेर बघितलं. समोर थर्मलच्या चिमण्या.

"तुमचं वर्षभराचं तेल आमच्या एका चिमणीच्या शिंकेइतकं नाई," ती म्हणाली. "जा, आंघोळ करा आधी, भज्यांचा वास येऊन राह्यला."

मी साबण उचलला.

* * *

महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते. देवळाच्या वाटेवर साबुदाणा वड्याच्या कढया ओळीने लागतात. हेड ऑफिसमधून तन्वी मॅडमचा फोन आला. मॅडम पुण्याच्या, बोलणं इतकं शुद्ध की गजूभाऊ फोनवर उभा राहून ऐकतो. त्या म्हणाल्या, "बोरकर, जत्रेनंतर एक पूर्ण टँकर भरला नाही, तर सेंटरचं मी काहीच करू शकणार नाही." मी फोन ठेवला. गजूभाऊ टेम्पोचा आरसा पुसत बसला.

वडेवाल्यांमध्ये कुसुमबाईंचा शब्द चालतो. बाई चामोर्शीकडच्या, घरी धानाची शेती, दरवर्षी जत्रेत दुकान. त्यांनी हो म्हटलं की अख्खी ओळ हो म्हणते. आम्ही जाऊन सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मच्छीवाल्या शंकरचं तेल बी तुम्हीच नेता ना?"

शंकरभाऊ वैनगंगेत मासे धरतो आणि पुलाजवळ तळून विकतो. त्याचं तेल आम्ही नेत होतोच.

"मंग माहं तेल त्यात नाई टाकाचं. हे उपासाचं तेल हाये. शेंगदाण्याचं हाये. देवाच्या दारचं हाये."

मी सांगायला लागलो की बाई, शेवटी सगळं एकाच मशीनमध्ये... तेवढ्यात गजूभाऊने माझा हात दाबला.

"बाई, उपासाचं येगळंच जाईन. देवाच्या दारात उभं राहून सांगतो."

झालं. ओळच्या ओळ डबे आणून ठेवायला लागली. पुढे रिफायनरीत काय होतं ते मला ठाऊक होतं, पण त्या वेळी गजूभाऊला सांगायची माझी छाती झाली नाही.

ही बातमी पुलापर्यंत पोचली. शंकरभाऊ खवळला.

"काऊन? माह्या तेलाले काय झालं? अरे, इमान उडते तं ताकद लागते. उपाशी इमान चढन का वर?"

* * *

टँकर भरायच्या दिवशी गजूभाऊने ड्रायव्हरशी अर्धा तास वाद घातला. टँकरला आत कप्पे असतात. एका कप्प्यात फक्त जत्रेचं तेल जाणार, नाही तर तो भरू देणार नाही, असा त्याचा हट्ट. मी चिडलो. म्हटलं, गजूभाऊ, टँकर निघाला पाहिजे आधी.

"सायेब, टँकर गेला तं दुसरा येईन. बाईले काय सांगू मी?"

मला राग आला आणि त्याच्याबद्दल फार बरंही वाटलं, दोन्ही एकदम. शेवटी तसंच भरलं. टँकर काठोकाठ भरला, एक कप्पा जत्रेचा. सॅम्पलच्या बाटल्यांवर मी मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या, 'शाकाहारी', 'मच्छी', 'उपास'.

त्यानंतर कुसुमबाईंना नवाच नाद लागला. शेतात असल्या आणि वरून विमान गेलं की गजूभाऊला फोन. "गजू, आत्ता एक गेलं. मच्छीचं होय का उपासाचं?"

गजूभाऊ गंभीरपणे सांगायचा, "आज सोमवार हाये ना बाई. उपासाचंच असन."

* * *

मग लॅबचा रिपोर्ट आला. उपासाचं तेल सगळ्यात उत्तम. कारण साधं होतं, जत्रेच्या गर्दीत कढईत सारखं नवीन तेल ओतावं लागतं, ते जळायला वेळच मिळत नाही. तन्वी मॅडमनी रिपोर्ट वर पाठवताना बाटलीवरचं नाव इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. वरच्या लोकांना मराठी येत नाही. त्यांनी ते 'यूपास' असं वाचलं.

आठवड्याने मॅडमचा फोन. आवाज बारीक झालेला.

"बोरकर, एक घोळ झालाय. मोठ्या मीटिंगमध्ये यूपास ग्रेडवर स्लाइड दाखवली. कोणीतरी त्याचा फुल फॉर्मसुद्धा काढलाय. यूज्ड पाम अँड सोयाबीन."

"पण मॅडम, ते तर शेंगदाण्याचं..."

"मला माहितीये! आता बोलू नका, सगळ्यांना आवडलंय ते."

दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसचा ईमेल. हे यूपास कुठल्या सीझनमध्ये जास्त मिळतं? मी खरं उत्तर लिहिलं. महाशिवरात्रीला मिळतं, मग आषाढी, श्रावण, नवरात्र. उत्तर आलं, "नोटेड. पावसाशी संबंध दिसतो."

* * *

आणि मग मोठे साहेबच आले. यूपास जिथे तयार होतं ती जागा त्यांना बघायची होती. आवडली तर सेंटर राहणार, नाही तर नागपूर. मराठी त्यांना येत नव्हती, हिंदी जेमतेम. तन्वी मॅडम दुभाषी म्हणून बरोबर. गाडीत मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या आणि मी गजूभाऊकडे बघत नव्हतो. गाडी गजूभाऊच चालवत होता. सकाळी पोरीने त्याला विचारलं होतं, "बाबा, तुमी परत ट्रकवर चालले का?" हे त्याने मला गाडी काढताना सांगितलं.

जत्रा कधीच संपलेली, म्हणून आम्ही कुसुमबाईंच्या घरी, अंगणात खुर्च्यांवर बसलो. नेमकी एकादशी होती. साहेबांनी इंग्रजीत विचारलं की यूपासची प्रोसेस काय. मॅडम बाईंना म्हणाल्या, "साहेब विचारतायत, उपासाचं कसं काय करता?"

बाईंना त्याचं फार कौतुक वाटलं. एवढा मोठा माणूस उपासाबद्दल विचारतोय.

"काई नाई हो. पहाटे उठाचं, आंघोळ कराची, मंग दिवसभर काई खाचं नाई. मच्छी-मटणाले तं हातबी लावाचा नाई. च्या चालते."

साहेब मॅडमकडे बघायला लागले. मॅडमनी घसा साफ केला.

"स्ट्रिक्ट हायजीन, सर. झीरो कंटॅमिनेशन."

"अँड च्या?"

"लोकल अ‍ॅडिटिव्ह, सर. अलाउड आहे."

साहेबांनी मान डोलावली. मग ते पुढे वाकले आणि ज्या प्रश्नासाठी आले होते तो विचारला. मॅडमनी तो मराठीत सांगितला, "बाई, साहेब म्हणतात, हे वाढवता येईल का? फार चांगलं आहे, पण कमी पडतंय. वाढलं तरच हे सेंटर राहील. गजूभाऊंची नोकरी राहील."

कुसुमबाईंनी गजूभाऊकडे बघितलं. तो अंगणाच्या टोकाला गाडीला टेकून उभा होता, हातात किल्ली.

"सोमवार धरतो मी," त्या सावकाश म्हणाल्या. "एकादशी धरतो. आता वय झालं, चक्कर येते कधीकधी. पण गजू घरी राहत असन, तं गुरुवार बी धरीन मी. आमच्या ओळीतल्या बायाईले बी धराले लावीन."

मला त्या वेळी हसू आलं नाही.

तन्वी मॅडमचा आवाज जरा ओला झाला होता, पण भाषांतर चोख. "सर, आठवड्यात एक दिवस, गुरुवार, वाढवायला तयार आहेत. पूर्ण क्लस्टर. फक्त एक अट, ड्रायव्हर हाच पाहिजे."

"डन," साहेब म्हणाले. "सेंटर स्टेज. ड्रायव्हर स्टेज. टेल हर, ह्याच गुरुवारपासून सुरू करा."

गजूभाऊने तोंड फिरवलं आणि उगाच गाडीची काच पुसायला लागला. मॅडमनी बाईंना निरोप सांगितला, ह्याच गुरुवारपासून. बाईंनी मान हलवली, पदर सारखा केला आणि साहेबांकडे वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं.

"धरतो ना," त्या म्हणाल्या. "पण त्याईले एक विचार बाई. इमानात ते बसते, अन् उपास आम्हीच काऊन धराचा?"

साहेबांनी हसत विचारलं, बाई काय म्हणतायत?

तन्वी मॅडमनी थोडा विचार केला.

"सर, डिमांड साइडबद्दल विचारतायत."