देश व्हायला पंचावन्न टक्के

ऑफिसात आम्ही नेमकं काय काम केलं, ते आज विचाराल तर मला धड सांगता येणार नाही. हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करायचो, एवढं आठवतं. पण लंच-टेबलावर कोण काय बोललं, ते मात्र पाठ आहे! असले किस्से कोणी जमवायला जात नाही. तीच ती माणसं रोज एका मायक्रोवेव्हपुढे रांग लावून उभी राहिली की ते आपोआप साठत जातात.

साल दोन हजार तीन ते सहा, गाव ॲन आर्बर. आधी मंडळी सांगते. सबनीसकाका आमच्यातले सीनियर, अमेरिकेत येऊन तीस वर्षं झालेले, मूळचे पुण्याचे आणि ते कोणाला विसरू न देणारे. प्रशांत वानखडे नागपूरचा. मी मुंबईची, म्हणजे या दोघांच्या मध्ये बसवायला सोयीची. आणि वेस्ना आणि मिलान हे नवरा-बायको. वेस्ना मॉन्टेनेग्रोची, मिलान सर्बियाचा. दोघांचे देश तेव्हा एकाच संघात होते आणि वेस्नाच्या देशाला त्यातून बाहेर पडायचं होतं. मिलानचं म्हणणं, "बरं चाललंय की! कशाला?" विषय निघाला की त्या दिवशी ती दोघं मीठसुद्धा माझ्यामार्फत मागायची.

वेस्नाला राजकारणापेक्षा वडिलांचा घोर जास्त. म्हातारे डोंगरातल्या गावात एकटे राहायचे, गुडघे गेलेले, हृदयाचं दुखणं. "माझं मत देईन आणि मगच जाईन," असं त्यांनी लेकीला बजावून ठेवलं होतं. पण मतदान होईल तर ना!

*

बाहेर पडायला वाट मोकळी झाली, त्याची बातमी वेस्नाने आम्हाला मोठ्या झोकात सांगितली. "करार झालाय! आम्ही लोकांना विचारू शकतो, बाहेर पडायचं का म्हणून."

"कधी?" काकांनी विचारलं.

"तीन वर्षांनी."

प्रशांतने चमचा खाली ठेवला. "तीन वर्षं? म्हणजे एच-वन व्हिसाची एक टर्म!"

"आणि मग?" मिलानने विचारलं.

"मग काय, एक्स्टेन्शन!"

मिलान इतका खूश झाला की त्याने स्वतःच्या डब्यातलं सॉसेज प्रशांतपुढे केलं. प्रशांत शाकाहारी, पण त्या दिवशी तेवढ्यावरून कोणी बोललं नाही. वेस्ना मात्र आठवडाभर प्रशांतशी फक्त ईमेलवर बोलत होती.

*

तरी या टेबलावर वेस्नाचा सगळ्यात सख्खा कैवारी प्रशांतच होता. वेगळा विदर्भ हा त्याचा हक्काचा विषय. ती करवादली की तो तिची समजूत घालायचा, "तुमचा करार तरी झाला यार! आमच्याकडे आजोबा म्हणत होते होईल, बाबा म्हणतात होईल, आता मी म्हणून राहिलो होईल."

"झाला तर आम्हाला संत्री मिळतील ना?" काका मुद्दाम विचारायचे.

"तुम्हाला नाही, काका. पुण्याला एक्स्पोर्ट बंद!"

मिलान हे सगळं मन लावून ऐकत होता. एकदा त्याने मध्येच विचारलं, "प्रशांत, तुझी बायको कुठली?"

"साताऱ्याची. म्हणजे उरलेल्या महाराष्ट्रातली."

मिलान जागेवरून उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि प्रशांतशी गंभीरपणे हस्तांदोलन करून म्हणाला, "तिला माझा फोन नंबर दे. कधीही बोलावंसं वाटलं तर मी आहे."

*

मग मतदानाच्या तारखा पुढे जायला लागल्या. यंदा नको, पुढच्या वर्षी बघू. आधी नियम ठरू देत, मग बघू. वेस्ना रोज सकाळी कॉफीआधी तिकडच्या बातम्या वाचायची आणि तिच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळायचं की आज तिच्याकडे सॉफ्टवेअरमधला बग घेऊन जायचं की नाही.

नेमकं त्याच काळात आमच्या नव्या सॉफ्टवेअरचं रिलीजही रखडलं. टेस्टिंगची प्रमुख वेस्ना. तिच्या सहीशिवाय काही बाहेर जायचं नाही. मीटिंगमध्ये मॅनेजरने काकुळतीला येऊन विचारलं, "वेस्ना, निदान एक तारीख तरी सांग."

वेस्ना शांतपणे म्हणाली, "घाई करण्यात अर्थ नाही. सगळ्या बाजूंचं समाधान झालं की मग तारीख ठरवू."

कोपऱ्यातून मिलानचा आवाज आला, "यांच्या सरकारचा प्रवक्ता आपल्याकडे कधीपासून काम करतोय?"

सगळी मीटिंग हसली. वेस्नाही हसली, पण तारीख काही दिली नाही.

*

एका गणपतीला सबनीसकाकूंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. काकूंना माणसांची चौकशी करायला फार आवडतं आणि त्यात काही वाईट हेतू नसतो. वेस्नाला पाटावर बसवून त्यांनी विचारलं, "तू कुठली गं?"

"ते अजून ठरायचंय, काकू."

काकूंना हे काही झेपेना. मग मी थोडक्यात सांगितलं की दोन देश एकत्र आहेत, एकाला वेगळं व्हायचंय, पण आधी तीन वर्षं थांबायचं असं ठरलंय.

काकू कळवळल्या. "अगं, एवढं लांबवू नये! साखरपुडा लांबला की मोडतो बघ."

"साखरपुडा नाही, काकू. घटस्फोट!" वेस्ना म्हणाली.

काकूंनी मसालेभात तिसऱ्यांदा वाढून घेणाऱ्या मिलानकडे पाहिलं. "मग हा इथे शेजारी बसून कसा जेवतोय?"

मिलान घास गिळून म्हणाला, "करारात आहे. तीन वर्षं एकत्र जेवायचं."

काकूंनी त्याला आणखी दोन मोदक वाढले. जाताना वेस्नाच्या हातात नारळ देत म्हणाल्या, "तुझ्या मनासारखं होऊ दे, पण याला सोडू नकोस. जेवायला छान आहे."

*

शेवटी मतदान ठरलं, पण अट अशी की निम्म्याहून जास्त मतं मिळून भागणार नाही, शंभरातली पंचावन्न हवीत. वेस्ना संतापाने लाल झाली होती. "जगात कुठे असतं असं? पन्नासला पास नाही?"

काकांनी शांतपणे दही कालवलं. "आमच्या युनिव्हर्सिटीत असतं. पंचावन्नला हायर सेकंड क्लास."

"आणि पन्नासला?"

"नुसता सेकंड क्लास. त्यावर नोकरीचा कॉल यायचा नाही, देश कसला होतोय?"

मिलानला हे इतकं आवडलं की पुढचा महिनाभर तो बायकोला विचारत होता, "अभ्यास कुठवर आला?" मला त्याचा राग यायचा, आणि खरं सांगते, तिच्याआधी हसूही मलाच यायचं.

*

आता शेवटचं. मतदानाला स्वतः जाऊनच मत द्यायला लागणार होतं आणि वेस्नाला जाता येत नव्हतं. मिलान नुकताच सिटिझन झालेला, पण तिचं ग्रीन कार्ड ऐन शेवटच्या टप्प्यावर अडकलेलं. व्हिसाच्या बाबतीत आमच्या टेबलाला वकिलापेक्षा जास्त कळायचं. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, "हलू नकोस! बाहेर पडलीस तर परत येता यायचं नाही." ती म्हणाली, माझं मत गेलं तर जाऊ दे, पण पप्पांचं जायला नको. म्हाताऱ्यांना डोंगर उतरून खाली मतदानाला कोण नेणार? शेजारी न्यायला तयार होता. पण तो विरुद्ध बाजूचा, म्हणून म्हातारे त्याच्या गाडीत पाय ठेवेनात.

मिलान त्याच सुमाराला आईला भेटायला बेलग्रेडला जायचा होता. एक दिवस जेवता जेवता, ताटातून नजर न उचलता तो म्हणाला, "मी नेतो."

"तू?" वेस्ना म्हणाली.

"माझी गाडी विरुद्ध बाजूची आहे, ते त्यांना माहीत आहे. पण मी जावई आहे."

 वेस्नाने त्याच्या ताटातलं लोणचं घेतलं आणि खाल्लं, एवढंच. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं, आणि ते लोणच्याचं नव्हतं.

मतदान झालं. वेस्नाची बाजू काठावर पास झाली, अगदी काठावर! आठवड्याने मिलान परत आला. त्याचं अभिनंदन करावं की सांत्वन, ते कोणालाच कळेना. वेस्ना वरच्या मजल्यावरच्या फ्रिजमधून केक आणायला गेली, तेवढ्यात प्रशांतने विचारून घेतलं, "यार, खरं सांग. घाटात गाडी बंद पाडावीशी नाही वाटली?"

"दोनदा वाटली," मिलान म्हणाला. "एकदा तर थांबवलीसुद्धा. म्हातारा म्हणाला, विश्रांती घे, बूथ रात्रीपर्यंत उघडं आहे. मग काय करणार! नेलं. काठी धरून आत गेला, मत देऊन बाहेर आला, गाडीत बसला."

"मग?"

मिलानने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला म्हणाला, 'पोरा, तू मनाविरुद्ध एवढ्या लांबून आलास. तुला वाईट वाटू नये म्हणून मी एकत्र राहण्याला मत दिलं. वेस्नाला सांगू नकोस.'"

 काकांच्या चमच्यातलं दही तसंच राहिलं. तेवढ्यात केक घेऊन वेस्ना आत आली, गाल लाल, डोळे भरलेले. "काठावर झालं ना? म्हणजे एकेक मत मोलाचं होतं! हा केक माझ्या पप्पांच्या मतासाठी!" पहिला मोठा तुकडा तिने मिलानला भरवला. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "याला किती वेळा विचारलं, नीट सांगतच नाही. मिलान, यांच्यासमोर सांग. मत देऊन गाडीत बसल्यावर पप्पा काय म्हणाले?"

मिलानने केक सावकाश चावला, गिळला आणि म्हणाला, "तुझंच नाव घेतलं."