मिश्रीनंतरची गोळी

दाढेबद्दल बोलता बोलता दातांचे डॉक्टर एकदम थांबले. वहिनींचा खालचा ओठ त्यांनी बोटाने बाहेर ओढून धरला होता. आत हिरडीपाशी सायीसारखा पांढरा डाग होता. त्यांनी तो कापसाने पुसून पाहिला. पुसला गेला नाही.

"मिश्री लावता का, आजी?"

वहिनींचं तोंड उघडंच होतं, म्हणून मी उत्तर दिलं. "लावतात. पण जीवनसत्त्वांच्या गोळ्याही घेतात. रोज, न चुकता."

हे मी कुठल्या आवाजात सांगितलं ते अजून आठवतं. तिकीट दाखवून सुटका करून घेणाऱ्या माणसाचा आवाज होता तो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. पुढे माझा डबा त्यांनी केला, निघताना माझी नखंही त्याच तपासायच्या. भाऊ गेल्यापासून त्या आमच्याकडे, बदलापूरला शिरगावात राहतात. मिश्री त्यांच्या माहेरची, साताऱ्याकडची. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, बोटाने दातांना लावायची आणि उरलेली चिमूट ओठाआड ठेवून कामाला लागायचं. भाजताना सगळं घर खोकायचं, पण त्याला व्यसन असं कुणी म्हटलं नाही. पानं मी आणायचो. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये फर्निचरच्या कारखान्यात मी देखरेखीला आहे. जवळच्या दुकानातून मीठ आणावं तशी ती मी आणत आलो.

मग कारखान्यातल्या तंबाखू खाणाऱ्या पॉलिशवाल्याचा अर्धा जबडा कॅन्सरमुळे काढावा लागला. त्याला भेटून आलो आणि वहिनींच्या मिश्रीच्या डब्याकडे बघवेना. पण ज्या बाईने मला वाढवलं तिला "सोडा" म्हणायची जीभ होईना. त्याच सुमारास फोनवर एक व्हिडिओ आला. अ, क आणि ई जीवनसत्त्वं तोंडाचा, घशाचा कॅन्सर रोखतात, असं डॉक्टरांसारखा पांढरा कोट घातलेला एक माणूस छातीठोकपणे सांगत होता. मला हवं तेच तो सांगत होता. मी ही तिन्ही आणि ब जीवनसत्त्वही असलेल्या गोळ्यांची मोठी बाटली घेतली आणि तंबाखूच्या पानांबरोबर एकाच पिशवीतून घरी नेली.

"मिश्री लावली की एक गोळी," मी सांगितलं आणि बाटली डब्याशेजारी ठेवली.

दोन-चार दिवसांनी वहिनी लघवीला जाऊन येत म्हणाल्या, "भावजी, तुमच्या गोळीने सगळं पिवळंधम्मक होतंय. या वयात हळद लावताय काय मला?"

आम्ही हसलो. मला बरं वाटलं, गोळी अंगी लागतेय असं वाटलं. पूर्वी मिश्री सकाळ-संध्याकाळ असायची. आता डबा दुपारीही वाजू लागला.

माझी बायको म्हणाली, "अहो ताई, तिसऱ्यांदा?"

"मग तिसरी गोळी घेते की! भावजींनी औषध आणलंय, ते काय शोभेला?"

मी तिथेच बसलो होतो.

दाढेसाठी गेलो त्या दिवशी डॉक्टरांना हे सगळं सांगितल्यावर ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "भाज्या, फळं भरपूर खाणाऱ्यांत हे आजार कमी दिसतात, ते खरं. पण त्यातलं जीवनसत्त्व गोळीत भरलं की गोळी तेच काम करते, असं दिसलेलं नाही. आणि रोज तंबाखू लागतेय त्या जागेला कुठली गोळी वाचवणार? काही गोळ्या जास्त घेतल्या तर तंबाखू घेणाऱ्यांना अपायही होऊ शकतो. आता दोन्ही बंद करा. डागाचा तुकडा काढून तपासायला पाठवू."

अंबरनाथला तुकडा काढला. रिपोर्ट येईपर्यंत मी वहिनींच्या तोंडाकडेच बघत असे. आमटी तिखट लागली तर का लागली, घास उजवीकडूनच का चावतात, आवाज बसलाय का. त्या टीव्ही बघत असताना त्यांचं बोट आपोआप ओठाकडे जायचं.

कारखान्यातून निघताना सवयीने पाय दुकानाकडे वळले. सिंधी दुकानदाराने मला बघूनच पुडी काढली.

"साईं, भाभीजी का तंबाखू-पत्ता बांध दूँ? एकदम ताजा है."

"नको."

"क्यों, भाभीजी रूठ गयी क्या?"

मी पुडी मागे ढकलली. इतकी वर्षं वहिनी या माणसाला न भेटता त्याच्या ओळखीच्या झाल्या होत्या, त्या माझ्यामुळे.

रिपोर्टमध्ये कॅन्सर नव्हता. पण पेशी बदलू लागल्या होत्या. मिश्री सुटली तर डाग कमी होऊ शकतो, नाहीही होणार. दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं, असं डॉक्टर म्हणाले. बायकोने देवापुढे साखर ठेवली. मला "होऊ शकतो, नाहीही होणार" एवढंच ऐकू येत राहिलं.

घरी आल्यावर वहिनींनी डबा माझ्यापुढे सरकवला. "तुम्हीच टाका, भावजी. भरत तुम्हीच होतात."

चिडून नाही म्हणाल्या. पाणी आणा म्हणावं तसं म्हणाल्या. डब्याबरोबर मी बाटलीही टाकली.

आता मी येताना पेरू आणतो, आवळे आणतो, मेथी आणतो. त्याने डाग जाईल असं स्वतःला सांगत नाही. तसं सांगण्यात मी किती हुशार आहे ते कळलंय. काल वहिनी पेरू खात होत्या आणि बोट पुन्हा ओठाआड गेलं.

"वहिनी!"

"अहो, बी अडकलीय."

"बोट दाखवा."

"आता रोज दाखवू काय? शाळेत चाललेय मी?"

पण त्यांनी बोट पुढे केलं. मी वाकून वास घेतला. पेरूचाच होता. तरी मी दुसऱ्यांदा घेतला.